फलकावर कागद लावताना

श्रोतेहो, नमस्कार. सरकारी कार्यालयातल्या सूचना फलकावर कोणी काय लावावं आणि ते किती दिवस ठेवावं, याबद्दल आज बोलायचंय.

माहितीच्या अधिकाराच्या 2005 च्या कायद्यात, माहिती लोकांपर्यंत पोहोचवायची साधनं सांगताना सूचना फलकाचं नाव घेतलंय. आपल्या राज्याचा 2015 चा लोकसेवा हक्क अधिनियम आणखी पुढे जातो. कोणती सेवा किती दिवसांत मिळणार, शुल्क किती, पदनिर्देशित अधिकारी म्हणजे ती सेवा द्यायला जबाबदार अधिकारी कोण, अपील कोणाकडे, हे फलकावर लावावंच लागतं. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या 2013 च्या कायद्याप्रमाणे अशा तक्रारी ऐकणारी अंतर्गत समिती नेमल्याचा आदेशही दर्शनी जागी हवा. हे कागद झाकायचे नाहीत. पुन्हा सांगतो, हे कागद कशानेही झाकायचे नाहीत.

एका तालुक्याच्या कार्यालयात मी माझ्या कामासाठी बसलो होतो. एक वयस्कर मावशी टेबलाशी आल्या. जमिनीच्या नोंदीवर त्यांनी हरकत घेतलेली. लिपिक म्हणाले, "तुमची सुनावणी परवाच झाली. नोटीस फलकावर डकवली होती."

मावशी म्हणाल्या, "मी सोमवारी येऊन सगळा फलक वाचून गेले हो. आमचं नाव कुठंच नव्हतं."

लिपिक म्हणाले, "नीट बघितलं नसेल."

तेवढ्यात कोपऱ्यातले शिपाई उठले. "चला मावशी, बघू या." मीही मागोमाग गेलो. त्यांनी टाचण्या काढायला सुरुवात केली. सगळ्यात वर कुणाच्या तरी निरोप समारंभाचं आमंत्रण, समारंभ कधीच होऊन गेलेला. त्याखाली पतसंस्थेची कर्जयोजना. त्याखाली 'फ्लॅट विकणे आहे'. आणि त्याच्याही खाली जावक क्रमांक, तारीख, शिक्का असलेली नोटीस, मावशींच्या नावासकट. मावशींनी नावावर बोट ठेवलं आणि त्यांचे डोळे भरून आले. मजुरी बुडवून दोनदा आलेली बाई होती ती.

शिपायांनी ते चारही कागद तसेच साहेबांच्या टेबलावर नेऊन ठेवले. साहेबांनी वाचले, मावशींना बसायला सांगितलं, फेरसुनावणीचा अर्ज लिहून घेतला आणि पुढची तारीख त्यांच्या हातात लेखी दिली. पुढे मी गेलो तेव्हा फलकाला काच होती, कुलूप होतं आणि किल्ली आस्थापना शाखेकडे होती. त्या शिपायांना मी मनापासून मानतो.

तर कागद लावण्याआधी कार्यालयप्रमुखांची किंवा त्यांनी नेमलेल्या व्यक्तीची परवानगी घ्या. कागदावर लावल्याची तारीख लिहा आणि काढायचीही लिहा. काढायची तारीख हवीच. संघटनेच्या सूचनांना वेगळा फलक असावा. मान्यताप्राप्त कामगार संघटनांना तर 1971 च्या राज्य कायद्याने तसा हक्कच दिला. पक्षाचं पत्रक किंवा घरच्या धंद्याची जाहिरात लावूच नका. राज्य शासनाच्या 1979 च्या वर्तणूक नियमांनी सरकारी कर्मचाऱ्याला राजकारणापासून आणि खासगी व्यापारापासून दूर ठेवलंय.

अक्षर मोठं ठेवा. आणि फलकासमोर एक बाक टाका. खरं तर प्रत्येक कार्यालयाच्या प्रत्येक मजल्यावर बाक हवा. म्हाताऱ्या माणसांना तासन्‌तास उभं ठेवणं मला सहन होत नाही.

तुमच्या कामाच्या कार्यालयात सेवांची यादी दिसली नाही, तर कार्यालयप्रमुखांना लेखी कळवा आणि अर्जाची पोच घ्या. पोच घेतल्याशिवाय परतू नका. नमस्कार.