बुडबुडा शिरतो कुठून?

धावपट्टीवरच्या या मॉडेल जेटचं टर्बाइन मिनिटाला लाखाहून जास्त फेरे घेतं. रॉकेलमध्ये साधारण 5 टक्के टर्बाइन तेल मिसळलेलं असतं, म्हणजे इंधनही तेच आणि बेअरिंगचं वंगणही तेच. 100 न्यूटन रेटा देणारं इंजिन पूर्ण थ्रॉटलला मिनिटाला 300 ते 400 मिलिलिटर पितं. त्या धारेत मोठा बुडबुडा आला, की ज्योत विझते. मग हाती उरतं जड, वेगवान, बंद पडलेलं विमान आणि उतरवायची एकच संधी.

गळती म्हटलं की आपण ओला डाग शोधतो. इंधन-पंपाच्या पुढे, इंजिनकडच्या बाजूला, ते बरोबर आहे. तिथे दाब असतो, रॉकेल बाहेर येतं. पण टाकी ते पंप या बाजूला ओढ असते. भेग गेलेल्या स्ट्रॉने शहाळं प्यावं, तशी तिथे हवा आत शिरते आणि सांधा बाहेरून कोरडाच राहतो.

सगळे सांधे घट्ट असूनही बुडबुडे येतात, तेव्हा अडथळा शोधा. बारीक नळी, काटकोनी जोड किंवा चोंदलेला व्हेंट (टाकीत हवा येण्याची वाट) असला, की ओढीच्या बाजूचा दाब पडतो आणि रॉकेलात विरघळलेली हवाच सुटू लागते. म्हणून या बाजूची नळी जाड हवी. गाळणी पंपानंतरच बसवावी, असं माझं ठाम मत आहे.

आता मुख्य टाकी आणि पंप यांच्या मधली ही छोटी टाकी पाहा, हवा अडवणारा एअर ट्रॅप. फ्लोरिडातल्या बॉब व्हायोलेट यांच्या कंपनीचा ‘अल्टिमेट एअर ट्रॅप’ जगभरच्या जेटवाल्यांना ठाऊक आहे. आतल्या नळीच्या तोंडाला अगदी बारीक छिद्रांचं आवरण असतं. ते ओलं असेपर्यंत पृष्ठताणामुळे रॉकेल सहज आत जातं, हवा मात्र बाहेर अडते. किती सुंदर युक्ती! पण ओढ फार वाढली, तर हवा तेही भेदते. इंधन भरताना ते ट्रॅपमधून मुख्य टाकीत जाऊ द्यावं, म्हणजे ट्रॅप काठोकाठ भरतो.

उतरल्यावर ट्रॅपमध्ये नेहमीपेक्षा जास्त हवा दिसली, आणि मुख्य टाकीत इंधन शिल्लक असेल, तर त्या दोन टाक्यांमधला सांधा तपासा. खरी जोखमीची आहे ती ट्रॅप ते पंप ही छोटी नळी. तिथे शिरलेली हवा कुणीच अडवत नाही. ही नळी पारदर्शक ठेवा, कडक झाली की बदला, टोक धारदार पात्याने सरळ कापा आणि उड्डाणाआधी इंजिन जमिनीवर चालवून तिच्यातली धार नीट पाहा.