कच्चा लिंबू, कॅम्पर आणि युरोगेम

श्रोतेहो, नमस्कार.

छंद म्हणून खेळणाऱ्या माणसांविषयी आज बोलायचं आहे. रविवारी टेबलाभोवती बसून बोर्डगेम मांडणारे, रात्री जेवणं उरकल्यावर मोबाइलवर चौघांचं स्क्वाड जमवणारे, फासे टाकत एकत्र गोष्ट रचत जाणारे रोलप्लेइंगवाले, आणि सांगलीत ज्यांना तोटा नाही ते बुद्धिबळाचे वेडे. या सगळ्यांच्या बोलण्यात एक गोष्ट सारखी ऐकू येते. हा कॅज्युअल म्हणजे गंमत म्हणून खेळणारा, तो हार्डकोर म्हणजे जीव ओतून खेळणारा. हा नूब म्हणजे नवखा, तो प्रो म्हणजे मुरलेला. हा खेळ युरो म्हणजे डोकं लावून गुण जमवायचा, तो पार्टी गेम म्हणजे घोळक्यानं हसतखेळत खेळायचा. या शिक्क्यांमुळे खेळणाऱ्यांचा एकमेकांशी संवाद सोपा होतो की तुटतो?

माझं मत आधीच सांगतो. खेळायला बोलावताना लावलेलं लेबल उपयोगी पडतं. भांडताना तेच लेबल तोंडावर मारलं की बोलणं तिथंच संपतं. शब्द एकच असला तरी तो कधी आणि कशासाठी उच्चारला, यावर सगळं ठरतं.

आपल्या गल्लीतल्या पोरांना हे कुणी शिकवावं लागत नाही. लगोरी रंगलेली असते आणि कुणाचं तरी धाकटं भावंड मागं लागून येतं. त्याला घ्यायचं तर आहे, पण त्याच्यावर राज्य आलं तर ते भोकाड पसरणार. मग कुणीतरी ओरडतं, ‘हा कच्चा लिंबू!’ एवढ्यावर सगळ्यांना सगळं कळतं. तो बाद झाला तरी बाद नाही, त्याच्यावर राज्य नाही, चेंडू त्याला हळू मारायचा. त्या दोन शब्दांनी एका लहान जिवाला खेळात जागा मिळते. आता त्याच मैदानावरचा दुसरा शब्द घ्या, ‘रड्या’. एखाद्यानं तक्रार केली, ती कदाचित रास्तही असेल, पण समोरचा ‘रड्या’ म्हणाला की तक्रार ऐकायची गरजच उरत नाही. मोठेपणी आपण हेच करतो, फक्त शब्द इंग्रजी वापरतो.

बुद्धिबळाचं उदाहरण मला सगळ्यात स्वच्छ वाटतं. भाऊसाहेब पडसलगीकरांनी नूतन बुद्धिबळ मंडळाच्या माध्यमातून या शहरात हा खेळ रुजवला. त्यामुळे पट मांडून बसलेली दोन माणसं इथं कुणाला नवलाची वाटत नाहीत. बुद्धिबळात लेबलं दोन जातींची आहेत. एक जात घड्याळाची. फिडे या जागतिक बुद्धिबळ संघटनेच्या नियमांप्रमाणे प्रत्येक खेळाडूला १० मिनिटं किंवा त्याहून कमी वेळ असेल तर ब्लिट्झ, १० मिनिटांहून जास्त पण ६० हून कमी असेल तर रॅपिड, आणि त्यापुढं क्लासिकल. ‘ब्लिट्झ खेळूया का?’ असं विचारलं की दोघांच्या डोक्यात तीच गोष्ट असते. वाद होऊच शकत नाही, कारण शब्दामागं माप आहे.

दुसरी जात स्वभावाची. हा आक्रमक, हा बचावात्मक, हा पोझिशनल म्हणजे सोंगट्या हळूहळू चांगल्या जागी नेणारा. या शब्दांमागं माप नाही. दहा-बारा वर्षांच्या पोराला ‘तू बचावात्मक खेळाडू’ असं चार मोठ्यांनी सांगितलं, की घोडा देऊन राजावर तुटून पडायची संधी समोर असतानाही त्याचा हात मागं येतो. हे मी पाहिलं आहे आणि मला त्याचं वाईट वाटतं. त्या डावात तो सावध खेळला, एवढंच खरं होतं. त्यावरून पोराचा स्वभाव ठरवायचं काही कारण नव्हतं.

एका डावाविषयीचा शब्द माणसाला चिकटणं ही तक्रार जगभर जुनी आहे. १९९६ साली रिचर्ड बार्टल यांनी एक लेख लिहिला. इंटरनेटवर केवळ मजकुराच्या आधारे अनेकांनी एकत्र खेळायचे खेळ तेव्हा होते. असा पहिला खेळ इंग्लंडमधल्या एसेक्स विद्यापीठात १९७८ मध्ये तयार झाला आणि त्याच्या दोन कर्त्यांपैकी बार्टल एक. त्यांनी खेळणाऱ्यांची विभागणी पत्त्यांच्या रंगांवर केली. काही तरी मिळवायला येणारे चौकट, जग धुंडाळणारे इस्पिक, गप्पांसाठी येणारे बदाम आणि दुसऱ्यांना छळण्यात रमणारे किलवर. त्यांचा मुद्दा होता समतोलाचा. किलवर वाढले की बदाम पळून जातात, मग खेळ चालवणाऱ्यानं काय करावं? किती उपयोगी प्रश्न! पण पुढं त्यावरून चाचण्या निघाल्या आणि लोक ‘मी इस्पिक’ असं स्वतःची रास सांगावी तसं सांगू लागले.

रोलप्लेइंगमध्येही तेच झालं. १९७४ मध्ये ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा या प्रकारचा पहिला मोठा खेळ आला. त्यानंतरच्या पाव शतकात एकाच टेबलावर बसलेल्यांना वेगवेगळ्या गोष्टी हव्या असतात, हे सगळ्यांच्या ध्यानात आलं होतं. असे खेळ रचणारे रॉन एडवर्ड्स यांनी तीन हेतू मांडले. आव्हान पेलून जिंकणं, अर्थपूर्ण गोष्ट घडवणं, आणि त्या कल्पित जगाशी इमान राखणं. त्यांची गेमिस्ट, नॅरेटिव्हिस्ट आणि सिम्युलेशनिस्ट ही नावं गाजली. एखाद्या माणसाला ‘गेमिस्ट’ म्हणणं हे फक्त सोयीचं आखूड बोलणं आहे, त्याचे खेळातले निर्णय बहुधा त्या बाजूला झुकतात एवढाच त्याचा अर्थ, असं एडवर्ड्स यांनी स्वतः बजावलं होतं. तरी तट पडायचे ते पडलेच. ज्या शब्दांनी टेबलावरचं भांडण सुटायला हवं होतं, त्यांवरूनच वर्षानुवर्षं भांडणं झाली.

बोर्डगेममध्ये मामला थोडा सौम्य आहे. जर्मनीत १९७९ पासून ‘वर्षाचा खेळ’ हा पुरस्कार दिला जातो. पुढं २००१ मध्ये मुलांच्या खेळांसाठी आणि २०११ मध्ये सरावलेल्यांच्या खेळांसाठी वेगळे पुरस्कार सुरू झाले. डब्यावरच्या या पुरस्कारांच्या खुणेचा रंग पाहून घेणाऱ्याला अंदाज येतो. मला ही पद्धत आवडते, कारण शिक्का डब्यावर आहे, माणसावर नाही. पण विश्रामबागेतल्या एखाद्या घरी पहिल्यांदा आलेल्या काकूंना ‘हा मिडवेट युरो आहे’ असं सांगून काय कळणार? त्यापेक्षा सांगावं, ‘काकू, दीड तास लागेल, कुणी मध्येच बाद होत नाही, शेवटी गुण मोजायचे.’

आता मोबाइलवरच्या बंदुकीच्या खेळांकडं येतो, कारण सर्वांत जास्त जखमा तिथं होतात. स्क्वाडमध्ये कामाची नावं असतात. हा लांबून नेम धरणारा स्नायपर, हा पुढं घुसणारा असॉल्टर, हा साथीदारांना मदत करणारा सपोर्ट, आणि कुठं जायचं ते सांगणारा आयजीएल. ही नावं उत्तम, कारण ती वाटून घेतलेली असतात आणि उद्या बदलता येतात. पण हरल्यावर ‘तू कॅम्पर आहेस’, म्हणजे एका जागी दबा धरून बसणारा, असं म्हटलं तर समोरच्यानं काय करायचं? ‘तू त्या घरातच बसून राहिलास आणि मी पुलावर एकटा पडलो’ असं म्हटलं तर त्याला उत्तर देता येतं. कदाचित तो सांगेल, माझ्याकडं गोळ्याच नव्हत्या. मग पुढच्या वेळी कुणी तरी गोळ्या देईल. बोलणं म्हणतात ते हेच.

आणि एक शिक्का असा आहे की तो लागण्यासाठी काही करावंही लागत नाही. मुलीनं माइक सुरू करून ‘डावीकडं दोघे आहेत’ म्हटलं, की खेळ बाजूला राहतो आणि ‘अरे, मुलगी आहे!’ हेच सुरू होतं. माझ्या ओळखीतल्या चांगल्या खेळणाऱ्या मुली माइक बंद ठेवून खेळतात. चौघांच्या संघातला एक आवाज त्या एका शब्दानं गेला. हा त्या मुलीवर अन्याय आहेच, शिवाय संघ डावही गमावतो.

घरच्यांशी बोलताना मात्र नेमक्या लेबलाची फार गरज आहे. ‘गेमिंग’ म्हटलं की आईवडिलांच्या डोळ्यांसमोर पैसे लावून खेळायची रमी येते. केंद्र सरकारच्या २०२५ च्या कायद्यानं ई-स्पोर्ट्स, सोशल गेम आणि पैशांचे ऑनलाइन गेम असे वेगळे कप्पे केले आणि पैशांच्या खेळांना मनाई केली. मुलांनी घरात हा फरक शांतपणे सांगावा आणि पालकांनीही आधी ‘यात पैसे लावावे लागतात का?’ एवढंच विचारावं.

रोलप्लेइंगवाल्यांची एक पद्धत मला सगळ्यांनी उचलावीशी वाटते. ते खरा खेळ सुरू करण्याआधी एक बैठक घेतात, तिला ‘सेशन झीरो’ म्हणतात. कोणती गोष्ट खेळायची, किती वेळ, कोणता विषय कुणाला नको आहे, हे तिथं बोलून घेतात. मी नव्या माणसाला ‘तू कोणत्या प्रकारचा गेमर?’ असं विचारत नाही. ‘कोणत्या डावात तुला सगळ्यात मजा आली आणि तेव्हा काय घडलं?’ असं विचारतो. उत्तरात कधी एखादा खेळ निघतो, कधी आजोळची मे महिन्यातली पत्त्यांची रात्र निघते. त्यावरून कोणता डबा उघडायचा ते कळतं.

माझे काही जुने भिडू यावर वैतागतात. त्यांचं म्हणणं, आपण इतकी वर्षं एकत्र बसतो, आपल्याला एक शब्द पुरतो, दरवेळी एवढं पुराण कशाला? त्यांचं खरं आहे. एकत्र खेळलेल्यांना शब्दाचा अर्थ आठवणींतून मिळतो. नव्या माणसाकडं त्या आठवणी नसतात, म्हणून आम्ही सध्या निरोपात दोन्ही लिहितो. आधी त्यांच्यासाठी एक शब्द, आणि खाली नव्यासाठी दोन ओळी. त्या दोन ओळी कुणी लिहायच्या यावर अजून दर आठवड्याला वाद होतो.

नमस्कार.