ट्रकचालकाच्या भरतीची जाहिरात: भत्ता पगारात धरू नका

नमस्कार. चालकांच्या भरतीवरच्या मागच्या व्हिडिओनंतर वाहतूकदार आणि चालक या दोघांनीही एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारला आहे: जाहिरातीत पगाराचा आकडा नेमका कोणता लिहावा? निगडीच्या ट्रान्सपोर्टनगरीत, चाकणच्या एमआयडीसीत आणि चालकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपांवर ज्या जाहिराती फिरतात, त्यांपैकी माझ्या पाहण्यात आलेल्या बहुतेकींमध्ये हा आकडा फुगवलेला असतो, आणि आज मी त्याबद्दलच बोलणार आहे.

बाकीच्या गोष्टी आपल्याला ठाऊक आहेत, म्हणून त्या भराभर सांगतो. गाडी किती चाकी आहे, लाईन म्हणजे गाडीचा नेहमीचा मार्ग कोणता आहे, अवजड वाहन चालवण्याचा किती वर्षांचा अनुभव हवा, क्लीनर सोबत असेल की नाही, पीएफ (भविष्य निर्वाह निधी) आणि ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) मिळेल की नाही आणि महिन्यातून किती दिवस घरी जाता येईल, एवढे जाहिरातीत लिहावेच.

माझा खरा आक्षेप आहे तो भत्ता पगारात मिसळून एकच मोठा आकडा छापण्याला. एक उदाहरण घेऊ. समजा, चाकणहून न्हावा शेवा बंदराकडे कंटेनर नेणाऱ्या गाडीसाठी जाहिरात आहे: ‘पगार ३८,००० रुपये’. आत डोकावले, तर मूळ पगार १८,००० रुपये असतो. महिन्याला ८ फेऱ्या धरून दर फेरीला १,५०० रुपयांप्रमाणे १२,००० रुपये भत्ता असतो. डिझेल वाचवल्याबद्दल ५,००० आणि अपघात न झाल्याबद्दल ३,००० रुपये असतात. आता ज्या महिन्यात बंदरावर रांग लागली, घाट तुंबला आणि दिवाळीसाठी कारखान्यांना सुट्टी लागली, त्या महिन्यात ५ फेऱ्या झाल्या. भत्ता ७,५०० झाला, रांगेत इंजिन चालू राहिल्याने डिझेलचे १,५००च मिळाले आणि बंपर घासल्यामुळे ३,००० गेले. एकूण २७,००० रुपये झाले. त्यातून पीएफचे १,८०० आणि ईएसआयचे १३५ रुपये कापले गेले, आणि २२ दिवस रस्त्यावर राहून रोजचे ३०० रुपये जेवण, चहा आणि आंघोळीवर खर्च झाले, म्हणजे आणखी ६,६०० गेले. घरी पोहोचले १८,४६५ रुपये. जाहिरात वाचून ज्याने घरी आकडा सांगितला, त्याच्या बायकोने ३८,००० रुपयांवर मुलांच्या शाळेची फी आणि घरभाडे बसवलेले असते.

भत्ता हा चालकाने घराबाहेर राहून पोट भरावे म्हणून दिलेला पैसा आहे. कारकून घरून डबा घेऊन ऑफिसात येतो, तेव्हा त्याच्या जेवणाचा खर्च आपण त्याच्या पगारात दाखवत नाही; मग चालकाच्या बाबतीत तो का दाखवावा?

हीच गोष्ट कायद्याच्या बाजूनेही पाहा. २१ नोव्हेंबर २०२५ पासून वेतन संहिता, २०१९ लागू झाली आहे. वेतनातून वगळलेले भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त झाले, तर वरचा भाग वेतनातच धरला जातो. म्हणजे मूळ पगार लहान आणि भत्ते मोठे ठेवण्याची जुनी रचना आता मालकालाही सोयीची राहिलेली नाही. मोटार ट्रान्सपोर्ट वर्कर्स अॅक्ट, १९६१ने चालकासाठी दिवसाला ८ आणि आठवड्याला ४८ तासांची मर्यादा फार पूर्वीच घातली होती. तेव्हा ‘जितक्या जास्त फेऱ्या, तितके जास्त पैसे’ असे लिहिताना त्या फेऱ्या कायदेशीर तासांत आणि पुरेशी झोप घेऊन होतील का, हे आधी मोजावे. झोप मोडून केलेल्या फेऱ्यांवर उभा असलेला आकडा छापणे हे रस्त्यावरच्या इतर लोकांच्या जिवाशीही बेइमानी करणे आहे, असे मी मानतो.

आणि आता मालकाच्या फायद्याच्या बाजूने. भोसरीतल्या एका वाहतूकदाराने मला जाहिरात लिहून द्यायला सांगितले, तेव्हा मी आधी पगारपत्रके मागितली. त्यांना जो आकडा छापायचा होता, तो त्यांच्या सर्वांत जुन्या चालकाने एका चांगल्या महिन्यात मिळवला होता. त्याच्याकडे नवी गाडी आणि लांबची लाईन होती, आणि नव्या माणसाला त्यातले काहीच मिळणार नव्हते. त्यांच्याकडचे नवे चालक पहिला पगार हातात पडला की दुसऱ्या महिन्यात येत नसत, गाडी उभी राही आणि बँकेचा हप्ता मात्र चालू राही. ज्याने भत्ता मिसळून माणूस बोलावला, त्याला तोच माणूस पहिल्या पगाराच्या दिवशी परत पाठवावा लागतो, आणि तो माणूस पार्किंगमध्ये आणि ढाब्यावर बसून काय सांगतो हे आपण सर्व जाणतो.

एका मालकांनी लिहिले आहे की, खरा आकडा छापला तर फोनच येत नाहीत. फोन कमी येतात, हे मी मान्य करतो. परंतु ज्याने खरा आकडा वाचून फोन केला, तो टिकण्याची शक्यता अधिक असते, आणि आपल्याला फोन नको असून चालक हवा आहे. दुसऱ्या एका प्रेक्षकांनी किलोमीटरवर पगार देण्याबद्दल विचारले. अमेरिकेत लांब पल्ल्याच्या चालकांना मैलावर पैसे देण्याची पद्धत जुनी आहे आणि तिथेही तक्रार हीच आहे की, गोदामाच्या दारात उभ्या राहिलेल्या तासांचे मैल होत नाहीत. म्हणून हॉल्टिंगचे, म्हणजे गाडी ताटकळत उभी राहिल्याचे, पैसे चालकाला मिळतात की ग्राहकाकडून घेऊन मालकच ठेवतो, हे जाहिरातीतच स्पष्ट करावे. काही चालकांनी ‘पगार प्रत्यक्ष भेटीत ठरेल’ या ओळीवर राग व्यक्त केला आहे आणि तो मला पूर्ण पटतो, कारण बीड किंवा नांदेडहून स्वतःच्या खर्चाने पुण्यात आलेल्या माणसाला नकार देऊन परत जाणे परवडत नाही.

मी त्या वाहतूकदारांना लिहून दिलेली जाहिरात अशी होती: ‘मूळ पगार इतका. पीएफ-ईएसआय कापून बँकेत जमा होणारी रक्कम इतकी. फेरीचा भत्ता वेगळा, तो जेवण-राहण्यासाठी. मागच्या वर्षी आमच्या नव्या चालकांना सर्वांत कमी कामाच्या महिन्यात इतके आणि साधारण महिन्यात इतके मिळाले.’ त्याखाली कपातींची ओळ होती: पोहोचवलेला माल कमी निघाल्यास किंवा गाडीला नुकसान झाल्यास चालकाची हयगय सिद्ध झाल्यावर आणि त्याला बाजू मांडू दिल्यावरच पैसे कापले जातील. कायद्यालाही तेच अपेक्षित आहे. रुजू होताना दिलेली उचल किती हप्त्यांत वळती होईल, हेही शेवटी लिहिले होते.

चालकांनी फोनवर एवढेच विचारावे: ‘मागच्या दिवाळीच्या महिन्यात तुमच्या नव्या चालकाच्या खात्यात, भत्ता सोडून, किती जमा झाले?’ आणि मालकांनी जाहिरातीखाली ज्याचा नंबर दिला असेल, त्याच्यासमोर मागच्या बारा महिन्यांची पगारपत्रके ठेवावीत, म्हणजे हे उत्तर त्याला त्याच फोनवर देता येईल.