बदक मरेना, तेव्हा कळलं रेट्रो म्हणजे काय

नमस्कार मंडळी! जुन्या व्हिडिओ गेमला ‘रेट्रो’ कधी म्हणायचं, यावर आज बोलू. आधी ही ओळखा बघू. (प्लॅस्टिकची बंदूक कॅमेऱ्यासमोर धरत) ज्यांनी एका नजरेत ओळखली, त्यांनी गुडघे सांभाळा. ‘डक हंट’ गेममधली बदकं मारायची बंदूक! मागे माझा नवा एलईडी टीव्ही आहे, त्याला जुना व्हिडिओ गेम जोडलाय. चित्र आलं, आवाज आला, बदक उडालं. आता बघा. टक. टक. टक. एकही नाही. आता काचेला नळी टेकवून मारते... तरी नाही. आणि गेममधला तो कुत्रा गवतातून वर येऊन खुशाल हसतोय.

बंदूक बिघडलेली नाही हं. मुळात हिच्यातून काही बाहेर पडतच नाही, उलट नळीच्या आत प्रकाश टिपणारा सेन्सर आहे. चाप ओढला की पडदा क्षणभर पूर्ण काळा होतो आणि लगेच पुढच्या फ्रेमला बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटतो. बंदुकीला आधी अंधार आणि मग उजेड दिसला, की नेम लागला. आधी अंधार कशाला? नाहीतर आपण सगळ्यांनी ट्यूबलाइटवर बंदूक रोखून विक्रम केले असते.

हे सगळं डब्बा टीव्हीच्या भरवशावर चालायचं. तिथे सिग्नल आला, की त्याच क्षणी किरण काचेवर ओळीमागून ओळ चित्र काढायचा. एलईडी टीव्ही मात्र आलेलं चित्र आधी स्वतःच्या पोटात घेतो, मोठं करतो, मग दाखवतो. तेवढ्या उशिरात बंदुकीची वेळ टळून जाते. शिवाय जुन्या पडद्याचा उजेड ज्या लयीत लुकलुकायचा, तीच लय ही बंदूक शोधते. नव्या पडद्यावर ती नसतेच.

म्हणून काही जण ‘गेमला वीस वर्षं झाली की तो रेट्रो’ असं म्हणतात, ते मला पटत नाही. माझं माप वेगळं आहे. वस्तू तशीच आहे, चालूही आहे, पण ती ज्यांच्या जिवावर चालायची ते टीव्ही, त्या कॅसेट, खेळायची ती रीत घरांतून उठून गेली, की ती रेट्रो. टेट्रिस 1984चा आहे, पण तो आज फोनवर जशाच्या तसा खेळता येतो. बुद्धिबळाला कोणी रेट्रो म्हणतं का? टेट्रिसची 1989च्या गेमबॉयवरची, म्हणजे हातात धरून खेळायच्या यंत्रावरची, कॅसेट मात्र रेट्रो. माइनक्राफ्ट 2011मध्ये पूर्ण स्वरूपात आला, अजून त्यात नवं काहीतरी येतंच असतं. तो कसला रेट्रो!

आणि 2014चा शॉव्हेल नाइट हा गेम? दिसायला थेट ऐंशीच्या दशकातला. पण ती धाटणी झाली. खऱ्या जुन्या गेममध्ये काटकसर नाइलाजाने असायची. पहिला सुपर मारिओ अख्खा 40 केबीत बसवलाय, म्हणून त्यातला ढग आणि झुडूप एकच चित्र आहे, फक्त रंग बदललाय. जाऊन बघा, आता ते दिसल्याशिवाय राहणार नाही.

आपल्याकडे घड्याळही जरा मागे होतं. निन्टेन्डो कंपनीचा फॅमिकॉम, म्हणजे टीव्हीला जोडायचा गेमचा डबा, जपानात 1983ला आला. आपल्याला मिळाल्या त्याच्या नकला, आणि त्याही कितीतरी उशिरा. जपानात 2000 साली प्लेस्टेशन 2 आला, तेव्हा आमच्या घरी ‘9999999 इन 1’ची कॅसेट फुंकर मारून बसवणं चालू होतं. त्यात खरे गेम मोजून दहा-बारा, बाकी तेच फिरून फिरून. हा बघा, आमचा तोच गेमचा डबा उघडलाय. आत चिपांची रांग वगैरे काही नाही, काळ्या लाखेसारखा एक थेंब आहे. अख्खा फॅमिकॉम त्या थेंबाखाली!

प्लेस्टेशन 2 माझ्या मापाने आता रेट्रोत गेला, कारण त्याची पिवळी-लाल-पांढरी वायर लावायला नव्या टीव्हीला बऱ्याचदा भोकच नसतं. प्लेस्टेशन 3वर माझं मत अजून ठरत नाही. 2006चा आहे, पण नव्या टीव्हीला लागणारी एचडीएमआय वायर त्याला लागते, बिनवायरचा कंट्रोलर आहे. आज आणून लावला तर पाहुण्यांना जुना वाटणारसुद्धा नाही.

असो. भंगारवाल्याकडून हा एकवीस इंची डब्बा आणलाय. उचलताना दोन माणसं लागली. (स्विच दाबत) ती बारीक शिट्टी ऐकू आली? बदक आलं... टक! पडलं!

लहानपणी मात्र मला हे कधी जमायचं नाही. बदक माझ्या नेमाखालून ऐनवेळी वळायचं. दादा शेजारी गप्प बसलेला असायचा, मांडीवर पहिला रिमोट घेऊन. एक बदक असलेल्या ‘ए’ गेममध्ये त्या रिमोटने बदक हवं तसं फिरवता येतं, हे मला गेल्या वर्षी कळलं. दादाला फोन केला, तर पठ्ठ्या पाच मिनिटं नुसता हसत होता.