रस्त्याकडे तोंड केलेली मशीद

नमस्कार, श्रोतेहो. आज आपण कैरोतल्या मुइझ रस्त्यावरून चालणार आहोत. इ.स. ९६९मध्ये फातिमी घराण्याचा सेनापती जौहर याने इजिप्त जिंकून नवं शहर वसवलं, त्या शहराचा हा मुख्य रस्ता. त्याच घराण्याचा खलिफा अल-मुइझ याच्या नावाचा. उत्तरेला बाब अल-फुतूह, दक्षिणेला बाब झुवैला. दोन्ही दगडी दरवाजे अकराव्या शतकाच्या अखेरीचे. मधलं अंतर जेमतेम दीड किलोमीटर. झपाझप चाललात तर अर्ध्या तासात संपेल. पण तसं करू नका.

उत्तरेकडून आत शिरलं की डाव्या हाताला अल-हाकिमची भली मोठी मशीद लागते. तिथे लोक आपसूक थांबतात. माझा आग्रह आहे तो त्याच बाजूला थोडं पुढे असलेल्या एका लहान मशिदीसाठी. तिचं नाव अल-अकमर, बांधली ११२५मध्ये. दर्शनी भिंतीवर दगडात कोरलेला शिंपल्यासारखा कोनाडा आहे, त्याच्या मध्यावर गोल अक्षरपट्टी. छायाचित्रांत एवढंच दिसतं. तुम्ही मात्र आत जा, चौकात उभे राहा आणि ज्या दारातून आलात त्या दिशेला वळून बघा. चौक आणि दर्शनी भिंत एकमेकांना समांतर नाहीत!

नमाज मक्केच्या दिशेने, म्हणून चौक तिकडे वळलेला. रस्ता मात्र आपल्याच दिशेने गेलेला. बांधणाऱ्यांनी दोघांचाही मान राखला: आतली मशीद किब्ल्याला, म्हणजे मक्केच्या दिशेला धरून, बाहेरची भिंत रस्त्याला धरून. मधे जी तिरकी, पाचरीच्या आकाराची जागा उरली, ती भिंतीची जाडी कमी-जास्त करून आणि जिना, खोल्या बसवून भरून काढली. कैरोत रस्त्याला असा मान देणारी ही पहिली मशीद. मला ही गोष्ट फार मोलाची वाटते. रस्त्याने जाणारा माणूस, मग तो नमाजाला आलेला असो वा नसो, त्याच्यासाठी कुणीतरी एवढा विचार केला होता. बाहेर आल्यावर भिंतीचा कोपराही पाहा. खाली कड छाटलेली आहे आणि वर कोरीव नक्षीच्या आधाराने तो पुन्हा काटकोनात येतो.

एकदा नजर बसली की पुढच्या इमारतींतही हीच ओढाताण दिसू लागते. सुलतान कलाऊनचा मदरसा आणि त्याची कबर १२८४-८५च्या. दोन्हींच्या मधून जाणारा उंच, अंधारा बोळ नीट बघा. त्याच्या मागच्या बाजूला सुलतानाने उभारलेलं रुग्णालय होतं. शेजारीच त्याच्या मुलाचा, अन-नासिर मुहम्मदचा मदरसा आहे. त्याचं संगमरवरी दार बघून बुचकळ्यात पडाल, कारण ते सरळसरळ युरोपीय गॉथिक पद्धतीचं आहे. १२९१मध्ये क्रुसेडरांकडून, म्हणजे युरोपातून आलेल्या ख्रिस्ती धर्मयोद्ध्यांकडून, भूमध्य समुद्राकाठचं अक्का शहर जिंकल्यावर तिथल्या चर्चचं दार उचलून इथे आणलं. युद्धातली लूट अशी रोजच्या वाटेवर उभी आहे. दाराच्या सडपातळ खांबांपाशी थोडा वेळ जाऊ द्या.

जवळच रस्त्याला फाटा फुटतो. त्या बेचक्यात १७४४ची, अब्द अर-रहमान कतखुदा या सरदाराने बांधलेली छोटीशी इमारत आहे. खाली वाटसरूंना फुकट पाणी देण्याची पाणपोई, वर मुलांची शाळा. पाण्याचे पेले ज्या जाळ्यांतून हाती दिले जात, त्या आजही तिन्ही बाजूंना आहेत.

पुढे अल-अझहरचा रुंद, वाहता रस्ता आडवा येतो. इथे बरेच प्रवासी माघारी फिरतात. तुम्ही फिरू नका. भुयारी मार्गाने पलीकडे जा. तिथे सुलतान अल-घुरीच्या सोळाव्या शतकाच्या सुरुवातीच्या वास्तू रस्त्याच्या दोन्ही अंगांना समोरासमोर आहेत. तिथून बाब झुवैला जवळच. या दरवाजाच्या बुरुजांवरचे दोन मिनार शेजारच्या अल-मुअय्यद मशिदीचे आहेत. मशीद बांधणाऱ्यांनी शहराच्या वेशीलाच पाया करून ते उभारले. त्यांच्यावर चढता येतं. पायऱ्या अरुंद आहेत, तेव्हा पाठीवरची पिशवी हलकी ठेवा.