न झालेली फायनल

नमस्कार मंडळी, मागच्या रांगेपर्यंत आवाज येतोय ना? बरं.

माझ्या मामापासून सुरू करतो. मामा टेनिसवेडा. १९७४ साली डेव्हिस कपची सेमीफायनल आपल्या पुण्यात झाली, भारत विरुद्ध सोव्हिएत युनियन, आणि ३-१ नी आपण जिंकलो. अमृतराज बंधू म्हणजे तेव्हा आमच्या घरातलेच. आता फायनल, समोर दक्षिण आफ्रिका. आणि भारताने सांगितलं, वर्णभेदवाल्या देशाशी आम्ही खेळणार नाही. झालं, एकही बॉल न मारता कप त्यांच्याकडे गेला. नंतर १९८७ ला परत फायनलला पोचलो तर स्वीडनने त्यांच्या घरी ५-० नी धुतलं. त्यामुळे मामा शेवटपर्यंत एकच म्हणायचा, "खेळात राजकारण आणलं आणि हातातला कप घालवला." चिडण्यासारखं होतंच, मी नाही कुठे म्हणतोय.

पण मी त्याला विचारायचो, मामा, आणलं कोणी?

क्रिकेटमधला बेसिल डॉलिव्हेरा घ्या. दक्षिण आफ्रिकेतल्या केपटाऊनचा माणूस, पण तिथल्या कायद्याच्या कागदावर 'कलर्ड', गोरा नाही, म्हणजे कितीही रन काढ, देशाच्या टीमचा दरवाजा बंद. १९६० ला तो इंग्लंडला गेला, तिथे खेळत खेळत १९६६ ला चक्क इंग्लंडकडून टेस्ट खेळला. मग १९६८, ओव्हल, समोर ऑस्ट्रेलिया, पठ्ठ्याने १५८ मारले. आणि थोड्याच दिवसांत दक्षिण आफ्रिकेच्या दौऱ्याची टीम आली त्यात याचं नाव नाही! १५८ करून बाहेर म्हणजे काय शिजलंय ते कट्ट्यावरचं पोरगंपण सांगेल. पुढे त्या टीममधला टॉम कार्टराइट जखमी झाला म्हणून याला घेतलं, तर तिकडचे पंतप्रधान फोर्स्टर म्हणाले ही टीम आम्हाला नको. दौराच रद्द. म्हणजे बघा, कोण मैदानात उतरणार हे पंतप्रधान ठरवणार ते राजकारण नाही, आणि आम्ही येत नाही म्हटलं की ते मात्र राजकारण. हे गणित मला अजून सुटलेलं नाही.

आता हे ऐकून आपण पुणेकर लगेच कॉलर ताठ करतो, म्हणून दुसरी गोष्ट सांगतो, ती इथलीच आहे, लांब जायला नको. पी. बाळू, म्हणजे बाळू पालवणकर, चर्मकार समाजातला पोरगा. आधी पारशांच्या क्लबवर पिच झाडणं, रोलर फिरवणं, महिना ३ रुपये. मग पूना क्लबवर ४ रुपये. तिथे गोऱ्या साहेबांना नेटमध्ये बॉल टाकायचे, तासन् तास, हजारो. ग्रेग नावाचा साहेब तर आऊट झाला की ८ आणे द्यायचा म्हणे. पण बॅट? बॅट कधी हातात दिली नाही. बॅटिंग साहेबांची, बॉलिंग तुझी.

मग हिंदूंच्या क्लबला साहेबांना हरवायचं होतं, तेव्हा बाळू हवा झाला. टीममध्ये घेतलं, विकेटी घेतल्या त्याने, टाळ्या वाजल्या, आणि टी टाइमला? बाकीच्यांना पॅव्हिलियनमध्ये चिनी मातीच्या कपात चहा, आणि बाळूला बाहेर, आपल्या मातीच्या भांड्यात, पिऊन फेकून द्यायच्या. ज्या बॉलला त्याचा हात लागला तो बॉल बाकीचे दहाजण धरत होते बरं का, त्याला कुणाला विटाळ नाही झाला. कपाला मात्र व्हायचा.

१९११ ला हाच बाळू इंग्लंडला गेला भारताच्या टीमबरोबर आणि शंभरावर विकेटी घेऊन आला. कॅप्टन पतियाळाचे महाराज. हिंदूंच्या टीमची कॅप्टनशिपही बाळूला कधी मिळाली नाही, त्यासाठी भांडून भांडून शेवटी १९२३ ला त्याचा धाकटा भाऊ विठ्ठल कॅप्टन झाला.

इथे पुढे बसलेले काका मगाशी चहाच्या वेळी म्हणाले, पण त्यात खेळाडूंचा काय दोष? काही नाही हो. अमृतराजांचा नव्हता, आणि १९७० नंतर बहिष्कारामुळे वीसेक वर्षं टेस्ट न मिळालेल्या दक्षिण आफ्रिकेतल्या गोऱ्या पोरांतल्या कित्येकांचाही नसेल. किंमत त्यांनीच मोजली, हे मी लपवणार नाही. फक्त डॉलिव्हेराने आणि बाळूने मोजली तेव्हा कुणी 'खेळात राजकारण नको' म्हणून ओरडलं नव्हतं, एवढंच.

हे सगळं मी एकदा मामाला सांगितलं, बाळूच्या भांड्यापर्यंत सगळं. शांतपणे ऐकून घेतलं त्याने. मग म्हणाला, "ते सगळं खरं रे, पण त्या वर्षी आपण जिंकलो असतो."

जिंकलोही असतो कदाचित.