मोडलं म्हणजे लागलं असं नसतं

श्रोतेहो, नमस्कार. आपल्या बीड जिल्ह्याचा, आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे, त्यानं 2024 च्या जुलैमधे पॅरिसला 3000 मीटर स्टीपलचेस, म्हणजे अडथळे आणि पाण्याचा खड्डा ओलांडत पळायची शर्यत, 8 मिनिटं 9.91 सेकंदात मारली आणि नॅशनल रेकॉर्ड केलं, हे तुम्हाला माहीतच आहे. पण वर्ल्ड रेकॉर्ड लागतं कसं, म्हणजे अधिकृत होतं कसं, ते आज बोलू. टीव्हीवर आकडा झळकला म्हणजे रेकॉर्ड झालं नाही. तो नुसता दावा. कागदं वर्ल्ड अ‍ॅथलेटिक्सकडं, म्हणजे या खेळाच्या जागतिक संघटनेकडं जातात, तिथं तपासणी होते, मंजुरी मिळते, मग ते रेकॉर्ड. मंजुरी नाही तर रेकॉर्ड नाही.

यावर एक किस्सा आहे, तो आधी सांगतो.

29 जुलै 1995. इटलीत आल्प्सच्या डोंगरात सेस्त्रिएरे नावाचं गाव आहे, दोन हजार मीटरच्या वर, हवा विरळ, त्यामुळं तिथं उडी लांब जाते. आयोजकांची ऑफर अशी की जो वर्ल्ड रेकॉर्ड मोडेल त्याला फेरारी गाडी. आदल्याच वर्षी सर्गेई बुबकानं पोल व्हॉल्टला, म्हणजे बांबूच्या उडीला, 6.14 मीटर मारून ती गाडी जिंकलेली. आता लांब उडीला क्युबाचा इवान पेद्रोसो उतरला. रेकॉर्ड होतं माइक पॉवेलचं, 1991 चं, टोकियोतलं, 8.95 मीटर. पेद्रोसो पळत आला, फळीवर पाय मारला आणि पडला कुठं, तर 8.96 वर! एक सेंटीमीटर जास्त, बोटाच्या पेरापेक्षाही कमी! आणि वाऱ्याचं मशीन दाखवतंय 1.2, म्हणजे सगळं नियमात.

आता वाऱ्याचा नियम ऐका. पाठीमागून वारं सेकंदाला 2 मीटरपर्यंत चालतं, त्याच्या वर गेलं की उडी मोजली जाते पण रेकॉर्ड नाही. परत सांगतो, 2 मीटरपर्यंतच. खळ्यावर ज्वारी उफणायला उभं राहिलं तर कमीच पडावं एवढंसं वारं. लांब उडीत ते मशीन फळीपासून 20 मीटरवर, रनवेच्या बाजूला, जमिनीपासून 1.22 मीटर उंचीवर असतं आणि पाच सेकंद मोजतं. बास, पाच सेकंद.

तर झालं काय, नंतर व्हिडिओ बघितला तर मशीनच्या अगदी पुढं एक माणूस उभा! मशीनला वारं लागलंच नाही नीट, मग त्या 1.2 ला अर्थ काय राहिला? इटलीच्या फेडरेशननं रेकॉर्डचा कागदच पुढं पाठवला नाही. पेद्रोसोनं काही चुकीचं केलं नव्हतं, उडी त्याची खरी होती, पण पुराव्यातच खोट निघाली, आणि रेकॉर्ड नाही म्हटल्यावर गाडीची अटही पुरी झाली नाही. पॉवेलचं 8.95 जागेवरच. पेद्रोसो पुढं 2000 ला सिडनीत ऑलिम्पिक गोल्ड जिंकला, आणि नंतर कोच झाला, त्याची शिष्या युलिमार रोहास हिनं 2022 ला बेलग्रेडमधे तिहेरी उडी 15.74 मीटर मारली आणि ते वर्ल्ड रेकॉर्ड लागलं. इनडोअर होतं, वाऱ्याचा प्रश्नच नाही.

बाकीचं पटकन. 400 मीटरपर्यंतच्या शर्यतीला 1977 पासून फक्त इलेक्ट्रॉनिक टाइम चालतो, हातातलं स्टॉपवॉच नाही. आपल्याकडं अजून सर शिट्टी मारतात आणि घड्याळ दाबतात, फक्कीच्या रेषाही शर्यतीच्या सकाळी ओढतात, कारण आदल्या रात्री त्याच ग्राउंडवर कुणाचातरी मांडव असतो. तालुक्याचं ग्राउंड पोरांचं आहे, मांडवाला दुसरी जागा बघा, हे मी बोलतच राहणार. असो. टाइम सेकंदाच्या वरच्या शंभराव्या भागाला नेतात. 2006 ला दोह्यात जस्टिन गॅटलिनचा 100 मीटरचा टाइम 9.76 जाहीर झाला, खरं निघालं 9.766, म्हणून तो 9.77 केला, म्हणजे मोडलेलं रेकॉर्ड नुसतं बरोबरीत आलं, आणि पुढं डोपिंगमधे तेही गेलं. डोप टेस्ट झालीच पाहिजे, टेस्ट नाही तर रेकॉर्ड नाही.

मॅरेथॉनला तर रस्ताच तपासतात. स्टार्ट आणि फिनिशमधलं सरळ अंतर शर्यतीच्या निम्म्याहून जास्त नको, आणि उतार किलोमीटरला एक मीटरपेक्षा जास्त नको. बोस्टनचा रस्ता यात बसत नाही, म्हणून 2011 ला जेफ्री मुताई तिथं 2 तास 3 मिनिटं 2 सेकंदात पळाला, तेव्हाच्या रेकॉर्डपेक्षा जवळजवळ एक मिनिट कमी, तरी वर्ल्ड रेकॉर्ड लागलं नाही.